तळ्याकडे न जाणारी घोडी

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. माझे नाव लोटे. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात, एका शेतकऱ्याच्या तबेल्यात, दुसरे महायुद्ध चालू असताना माझा जन्म झाला. अंगाने मी थोराड, पायांवर केसांचे झुपके आणि खूर ताटलीएवढे. अशा घोड्यांना शर्यतीत कुणी विचारत नाही. आम्ही नांगर ओढतो.

माझ्या जोडीला हाने होती. काळपट रंगाची, स्वभावाने भित्री. एकाच नांगराला आम्ही इतकी वर्षे जुंपलेल्या होतो की ती दमली हे मला तिच्याकडे न बघता कळे. पुढे गावात ट्रॅक्टर आले आणि तबेले रिकामे होऊ लागले. कितीतरी घोडे खाटकाकडे गेले. आम्ही दोघी वाचलो त्या ब्रुनो क्लासेन यांच्यामुळे; त्यांनी आम्हाला विकत घेतले. तळ्याकाठच्या वनात त्यांनी सुट्टीसाठी येणाऱ्यांकरता तंबू उभारले होते. कोलोन शहरातली माणसे येत, तंबूत राहत आणि आमच्या पाठीवर बसून तळ्याभोवती रपेट करत.

नांगरापुढे माणसाचे ओझे ते काय! संध्याकाळी खोगीर उतरले की आम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या राहायचो. मुले आमच्या अंगावर पाणी उडवायची. ते दिवस चांगले होते.

तिथेच मला सुधा भेटली. तिचे यजमान श्रीपाद कोलोनला इंजिनिअरिंगचे संशोधन करत. लग्न होऊन ती नुकतीच आली होती. तिला जर्मन येत नसे, त्यामुळे शेकोटीभोवती सगळे हसत तेव्हा ती हळूच उठून माझ्याकडे येई. माझ्या आयाळीत बोटे घालून आपल्या भाषेत बोलत राही.

"अहो, हिला माझं सगळं कळतं," ती एकदा म्हणाली.

"तिला गाजर कळतं," श्रीपाद हसून म्हणाले.

पण मला कळत होते. आवाजातला एकटेपणा कळायला भाषा लागत नाही.

त्या वर्षी बर्फ उशिरा वितळले. तळ्याच्या वरच्या टोकाला जमीन दिसायला कोरडी, पण आतून भिजलेली होती. क्लासेननी सगळ्यांना बजावले होते, "तिकडून जायचं नाही. झाडांमधल्या वाटेनेच या." एके दिवशी हानेवर एक तरुण पाहुणा बसला होता. त्याला सर्वांच्या आधी तंबूपाशी पोचायचे होते. त्याने लगाम वळवला. हाने अडली, तेव्हा त्याने टाचा मारल्या. ती बिचारी गेली.

पोटापर्यंत रुतली. पाहुणा उडी मारून, सरपटत बाहेर आला. ती तशीच राहिली आणि माझ्याकडे बघून ओरडू लागली.

क्लासेन धावत आले. माझ्या गळ्यात नांगराचा जुना पट्टा अडकवला, हानेला दोर बांधले. "ओढ, लोटे! ओढ!" मी ओढले, मित्रांनो. आयुष्यात कुठल्याही शेतात ओढले नव्हते इतके ओढले. चिखलाने मोठा आवाज केला आणि हाने बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझा फोटो काढला. सगळे मला शाबासकी देत होते.

हाने उठेना. तिचा मागचा पाय मोडला होता. चिखलात मोडला, की माझ्या ओढण्याने, ते मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

जनावरांचे डॉक्टर बंदूक घेऊन आले. सुधाने आपली शाल माझ्या डोळ्यांवर धरली. "बघू नकोस गं," ती म्हणत होती. पण कान झाकायचे कुणाला सुचले नाही.

त्यानंतर मी तळ्याकडे पाऊल टाकले नाही. गोंजारले, ओढले, चाबूक दाखवला. पाय पुढे जातच नव्हते. पाहुणे कंटाळून उतरू लागले. शेवटी क्लासेननी खाटकांना घोडे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. सुधाला ते कळले.

"अहो, आपण नेऊ या का हिला?"

"अगं, आपण एका खोलीत राहतो. पुढच्या महिन्यात आपली परतीची बोट आहे. घोडी कुठे न्यायची?"

"मग निदान त्यांना विचारा तरी."

श्रीपादनी विचारले. क्लासेन म्हणाले, "माणसं इथे तळ्यासाठी येतात. ती तळ्याकडे जात नाही. मी तरी काय करू?" श्रीपादनी ते मराठीत सांगितले. सुधाने माझ्या मानेवर कपाळ टेकले. ती पुन्हा आली नाही.

आता मी व्यापाऱ्याच्या आवारात उभी आहे. इथून घोडे एकाच दिशेने जातात. सकाळी माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

मित्रांनो, ज्या जनावराने तुमच्यासाठी अंग मोडले, त्याला म्हातारपणी सांभाळा. आणि खरोखरच सांभाळणे जमत नसेल, तर त्याला निरोप द्यायला तरी बाहेर या. एकदा मानेवर हात ठेवा. मला ट्रकमध्ये चढवले तेव्हा क्लासेन घरातच होते. खिडकीचा पडदा हलला, तो मी पाहिला. मी पाय रोवून उभी राहिले, त्यांना बाहेर यायला वेळ मिळावा म्हणून. व्यापाऱ्याला वाटले, मी हट्ट करते आहे.

दार उघडले नाही.