अजून एक कप्पा

"आम्हाला अजून एक कप्पा लागेल बघ," नवरा बाहेरून म्हणाला.

ती तेव्हा कमरेपर्यंत बाकाच्या पोटात होती. बाकाची फळी वर टेकवलेली, ओठांत दोन स्क्रू आणि हात चाकाच्या फुगवट्यामागच्या पोकळीत. ती पोकळी तिला त्याच दिवशी सकाळी सापडली होती. ते चाकांवरचं घर बनवणाऱ्यांनी तिथे पत्रा मारून विषय मिटवला होता. हिने सहज टिचकी मारली, आवाज पोकळ आला, आणि बाईसाहेबांना लॉटरी लागल्यागत झालं.

तिने ओठांतले स्क्रू काढले. "सगळं तर बसलंय! आता आणखी काय राहिलं?"

"असू दे गं. लागेल."

तो गेला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो 'आपल्याला' म्हणाला नव्हता. 'आम्हाला' म्हणाला होता. तिने ते मनातून झटकून टाकलं. हा माणूस जन्मभर पान्याला 'ते हे' म्हणत आला आणि पकडीलाही 'ते हे'च. त्याचे शब्द काय धरून बसायचे! ती पुन्हा बाकात शिरली.

गाडीमागे ओढत न्यायचं ते चाकांवरचं इवलंसं घर त्याने भंगारवाल्याकडून आणलं होतं. एका अंगाला पोचे, दाराला कडी नाही. घरात सगळे त्याला डबा म्हणायचे. आत दोन माणसं झोपली की तिसऱ्याने श्वाससुद्धा बाहेर जाऊन घ्यावा, एवढीच जागा. पण ती बघताक्षणी डब्याच्या प्रेमात पडली, कारण लग्न झाल्यापासून नवरा एकच गोष्ट सांगत आला होता. "एकदा रिटायर झालो की आपण दोघं निघू. मन मानेल तिकडे." मुलीचं आजारपण, सासूबाईंचं अंथरुण, त्याची डेपोतली मेकॅनिकची नोकरी, तिच्या रुग्णालयातल्या रात्रपाळ्या, या सगळ्यातून ती त्या 'आपण दोघं'च्या जोरावर तरून आली होती.

आणि जागा करणं म्हणजे तर तिचा हातखंडा. रुग्णालयात चादरी, उशांचे अभ्रे, गाऊन असं सगळं जिथे ठेवतात त्या कापडखोलीत तिची सगळी नोकरी झाली. तिथे तिला घडीमावशी म्हणत. भरलेल्या कपाटात आणखी एक गठ्ठा घालायचा असला की डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिलाच हाक मारत. ती कपाटापुढे क्षणभर उभी राहायची, दोन घड्या मोडायची, एक गुंडाळी करायची, आणि गठ्ठा आत! त्या घडीमावशीच्या हाती आता स्वतःचा डबा आला होता. मग काय विचारता!

दारात चढायच्या पायरीची तिने पेटी करून घेतली. जाड कापडाचे खिसे शिवून दाराच्या आतल्या बाजूला लावले. छताखाली जाळी ताणली. कपाटाखाली जी बोटभर उंचीची सांद वाया जात होती, तिच्यात ताटल्यांचा उथळ खण बसवला. माप तिचं, करवत त्याची. "मागच्या टोकाला जड भरू नकोस," तो शिकवायचा, "नाहीतर रस्त्यात डबा शेपूट हलवेल. जड ते चाकांवर." ती निमूट ऐकायची, कारण ते त्याला कळत होतं. दुपारी दोघं डब्याच्या दारात बसून चहा प्यायची. इतकी सुखात ती कित्येक वर्षांत नव्हती.

मग बूट आले. गुडघ्याला लागतील असे रबरी बूट.

"यांची सोय कर."

"अहो, हे तुमचे नव्हेत. यातल्या एकात तुमचे दोन्ही पाय जातील!"

"मोठेच मिळाले," तो म्हणाला.

पाठोपाठ मासे धरायच्या गळाच्या काठ्या आल्या. ज्याला ताटातल्या माशाचे काटे निघत नाहीत, तो पाण्यातला मासा काय काढणार, असं ती हसून म्हणाली. तो हसला नाही. तिने काठ्या छताच्या कडेने सरकवून दिल्या. त्यानंतर तो एकेक वस्तू बाहेर काढत गेला, आणि त्या सगळ्या तिच्या होत्या. "शिवणाची पेटी कशाला? लागणार आहे का?" "ही उशी राहू दे." "हे स्टूल उगाच अडचण." प्रत्येक वेळी तिला त्याचं पटलं. कोठारावरच्या माणसाने वस्तूत जीव अडकवायचा नसतो, असं तिनेच आजवर नव्या पोरींना शिकवलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधायला माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही, हेच खरं.

निघायच्या आदल्या दिवशी लंबू आला. हा नवऱ्याचा डेपोतला दोस्त, ड्रायव्हर, बायको गेल्यापासून एकटा. माणूस सरळ, फक्त उंचीला ताळतंत्र नाही. कमरेत वाकून तो डब्यात शिरला आणि तिने आदल्या आठवड्यात शिवलेल्या गादीवर ऐसपैस आडवा झाला. पाय बाहेर लोंबत राहिले.

"कमाल केलीत वहिनी! एवढंसं खोकं, आणि त्यात अख्खा संसार बसवलात." मग पुढे म्हणाला, "तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं. पण गाडी लागते म्हटल्यावर काय करणार?"

"कोणाला गाडी लागते?"

"तुम्हाला. म्हणजे... हा म्हणाला, वहिनींनी साफ नाही सांगितलं. घाट लागला की उलट्या होतात म्हणून."

रुग्णालयाच्या व्हॅनमध्ये मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर बसून ती वर्षानुवर्षं धोबीखान्यात गेली होती. त्या वासातही तिच्या पोटातलं पाणी कधी हललं नव्हतं. तिची नजर लंबूच्या पायांकडे गेली. ते बूट त्याला अगदी बेताचे बसले असते.

ती खाली उतरली. नवरा टायरमधली हवा बघत होता.

"मी कधी नाही म्हटलं?"

तो टायर दाबत राहिला. "सांगणारच होतो."

"कधी? निघाल्यावर?"

"पोरीशी बोललो होतो मी. तीही म्हणाली, आई इथेच बरी. बाळ लहान आहे, तिला आधार होईल."

म्हणजे लेकीलाही ठाऊक होतं. परवाच ती फोनवर "आई, तुझी तयारी कुठवर आली?" असं विचारत होती. हिने डब्याला हात टेकला.

"अहो, पण का? भांडलो असतो तर समजलं असतं."

तो पहिल्यांदा उभा राहिला. "तू वाईट नाहीस गं. पण तू आलीस की घरच मागून येतं. आवर, पूस, वेळेवर जेव. मला घर सोडून थोडं बाहेर पडायचंय. घर बरोबर घेऊन नाही."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं. तो अगदी हळू, समजावून म्हणाला, आणि तेच तिच्या काळजात रुतलं. इतकी वर्षं जी आपल्याला सोबत वाटत होती, ती त्याला ओझं होती. आणि ते ओझं उतरवायला जागा कोणी करून दिली, तर हिनेच. स्वतःची गादी शिवून, स्वतःची उशी बाहेर काढून.

लंबू दारात वाकलेला उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. "आईशप्पथ वहिनी, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी माझं सामान काढतो. तुम्ही दोघं जा."

"नको भावजी. तुमचं काही चुकलं नाही. आणि यांच्याबरोबर मला आता कोपऱ्यावरही जायचं नाही." तिने हात पुढे केला. "माझी कपड्यांची पिशवी तेवढी द्या."

पिशवी सगळ्यात तळाला होती, नव्या पोकळीत. रस्त्यात भांडी खडखडू नयेत म्हणून तिने आपलेच कपडे त्यांच्याखाली अंथरले होते.

"आता राहू दे ना," नवरा म्हणाला. "सगळं उपसावं लागेल. आल्यावर काढू."

"माझे कपडे तुमच्याबरोबर हिंडणार नाहीत. उपसा."

त्याने उपसलं. पातेली, शेगडी, दोरखंड, हत्यारांची पेटी, कंदील, पाण्याची पिंपं, बूट. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिने पिशवी छातीशी धरली, त्या पसाऱ्यातून वाट काढत घरात गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग मात्र ती रडली, पदराचा बोळा तोंडात कोंबून, कारण लंबूसमोर नवऱ्याची शोभा करायची तिला अजूनही लाज वाटत होती. त्या लाजेचाही तिला राग आला.

बाहेर भराभरी सुरू झाली. थोड्या वेळाने बाकाचं झाकण आपटल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. मग लंबू म्हणाला, "अरे, वहिनींची पिशवी तर निघाली. जागा वाढायला पाहिजे ना? मग बसत कसं नाही?"

"तू वरून दाब."

भांडी कोंबल्याचा, पिंप घासल्याचा, एकमेकांवर वैतागल्याचा आवाज. सगळं बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. झाकण काही लागेना.

ती खिडकीखाली बसली होती. न बघताही तिला डब्यात काय चाललंय ते दिसत होतं. शेगडी त्यांनी उभी घातली असणार. ती आडवी हवी, पाय भिंतीकडे. कंदील मोठ्या पातेल्यात जातो. दोर गुंडाळायचा नसतो, कडेने फिरवायचा असतो.

"अगं!" नवऱ्याने हाक मारली. आवाजात नेहमीचाच हक्क होता, जणू काही झालंच नव्हतं. "जरा ये गं! हे कसं बसवलं होतंस?"

तिचे हात आपसूक उठले. बोटं शेगडी आडवी करायला निघालीही होती. तिने ते दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि सगळा भार देऊन त्यांच्यावर बसून राहिली.

"ऐकतेस का? दोन मिनिटांचं काम आहे!"

झाकण पुन्हा आपटलं. तिच्या बोटांना मुंग्या आल्या, पण तिने हात काढले नाहीत.