गवा बघायला

"मे महिन्यात?" स्टेशनमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे फकरुद्दीन, मे महिन्यात सगळी मुंबई लोणावळ्याला येते, आणि तू लोणावळ्याहून कुठे निघालास?"

रुळांचे सांधे बदलणारा फकरुद्दीन टोपी हातात घेऊन उभा होता. "जंगल बघाया, साहेब. पोरीला दाखवायचंय."

मास्तर हसले नाहीत, हेच पुष्कळ झालं. त्यांनी अर्ज परत त्याच्याकडे सरकवला. "शनिवारी स्पेशल गाडी, रविवारी स्पेशल गाडी. सांधेवाले तीन, त्यातला अंबाजी महिनाभर तापाने पडलेला. पंधरा जूननंतर माग. आठ दिवस देतो."

"सहा जूनला पोरीचं लगीन हाय, साहेब."

"मग लग्नानंतर जा."

लग्न झालेली पोरगी बापाच्या रेल्वेच्या फुकट पासावर चालत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं आणि फकरुद्दीनलाही. तो अर्जाची घडी करून बाहेर आला. एकोणीसशे एकोणचाळीस सालचा हा त्याचा तिसरा अर्ज होता. त्याआधीच्या सात उन्हाळ्यांतले अर्ज त्याने मोजायचे सोडून दिले होते.

सतरा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, रेल्वेने त्याला इटारसीच्या पुढे सातपुड्यातल्या एका लहानशा स्टेशनावर आठ महिने पाठवलं होतं. स्टेशन कसलं, एक खोली, एक सिंगल आणि इंजिनाला पाणी भरायची टाकी. चहूकडे सरकारी राखीव जंगल. टाकीचं पाणी वाहून खाली डबकं साचे, आणि उन्हाळ्यात दिवस मावळताना तिथे गवे पाण्याला येत. काळेभोर, खोलीच्या दाराएवढे उंच, पाय मात्र गुडघ्यापर्यंत पांढरे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला कंदील लावायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

लोणावळ्याशेजारच्या औंढ्याच्या घरात ही गोष्ट त्याने किती वेळा सांगितली असेल! रशिदा लहानपणी त्याच्या मांडीवर बसून विचारायची, "अब्बा, मग तो तुमच्याकडं बघायचा?" तो म्हणायचा, "बघायचा की. मोठी झालीस की तुला नेतो." रशिदा आता पंधरा वर्षांची होती. वडगावच्या सोयरिकीचं ठरल्यापासून ती विहिरीवरसुद्धा एकटी जात नव्हती. दारात उभी राहिली तरी आतून आईची हाक येई. गव्याचं तर तिने दोन वर्षांत विचारलंही नव्हतं. फकरुद्दीनला तेच लागलं होतं.

"मिळाली रजा?" खतीजाने चुलीपुढून विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर कळलं होतंच.

"न्हाई."

"बरं झालं. लोक पीर बघाया जात्यात, सोयरंधायरं बघाया जात्यात. झाडं बघाया कोन जातं? हितल्या भुशीला झाडं न्हाईत व्हय?"

"भुशीला गवं हाईत का?"

"आन् लगीन तोंडावर आलंय. कपडं शिवायचं, मसालं कुटायचं. तुमाला गवं सुचत्यात!"

जंगलखात्याकडूनही त्याने परवानगी मागवली होती. शाळेच्या दत्तोबा गुरुजींकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं होतं. पहिलं उत्तर आलं की एप्रिलात वणवे असतात, कोणी येऊ नये. दुसरं पत्र गेलं, त्याला उत्तरच नाही. तिसऱ्याला आलं: मे महिन्याच्या सतरा ते एकवीस, जंगलखात्याच्या गार्डला बरोबर घेऊन फिरावं. पासही त्याच हिशेबाने सोळा ते बावीसचा निघाला. परवानगी होती, पास होता, रजा नव्हती. गेल्या साली रजा मिळाली तेव्हा पास दुसऱ्याच लाइनीचा निघाला होता. त्याच्या आदल्या साली पास आणि रजा दोन्ही हातात आली आणि जंगलच बंद होतं.

शेवटी तोड काढली ती बजरंगने. बजरंग दुसरा सांधेवाला, फकरुद्दीनहून दहा वर्षांनी लहान.

"भाऊ, तुमची डुटी मी करतो. माझी करून तुमची. सात दिसांचा तर परश्न हाय."

"सलग? झोपशील कवा?"

"झोपंन की केबिनमागं घटकाभर. तुमी जावा. पोरगी एकदा गेली की गेली."

मास्तरांनी कुरकुर केली, पण सही दिली. फकरुद्दीन त्या दिवशी औंढ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेला.

सोळा तारखेला सकाळी तिघं स्टेशनावर आली. खतीजा चार दिवस भांडून थकली होती, पण भाकऱ्या, चटणी, कैऱ्या, नवी घोंगडी असं सगळं तिनेच बांधलं होतं. शेळ्या शेजारच्या झुंबरबाईच्या दारात बांधल्या होत्या. रशिदा फलाटावर आईच्या पाठीशी उभी राहून रुळांकडे बघत होती. गाडी यायला अर्धा तास होता.

बजरंग आला तो एका माणसाच्या खांद्याला धरून. उजवा पाय पोटरीपर्यंत सुजून तुकतुकीत झाला होता.

"इंचू," तो दात आवळून म्हणाला. "पहाटं वैरण काढताना. भाऊ, तुमी काळजी करू नका. मी बसून करतो."

"बसून सांधं वडता येत्यात व्हय रं?"

"वडतो. एका पायावर वडतो." तो हात सोडून उभा राहायला गेला आणि तिथेच फलाटावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वेदनेचं होतं की लाजेचं, कळेना.

फकरुद्दीन त्याच्याकडे बघत राहिला. रागवायचं कोणावर? बजरंगवर? विंचवावर? मास्तर दारात येऊन उभे होते. अंबाजी तापात, बजरंग असा. कल्याणला जाणारी गाडी यायची होती, तिच्या मागोमाग घाट चढून मुंबईची स्पेशल. सांध्यावर कोणीतरी असायलाच हवं होतं.

त्याने खतीजाजवळचं गाठोडं उचललं. "चला घरी. न्हाई व्हत. आपल्या नशिबी न्हाईच ते."

खतीजा जागची हलली नाही. तिने रशिदाकडे पाहिलं. ती फक्त मान खाली घालून परत निघायला वळली होती, जणू हे होणार हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"त्या पासावर माझंबी नाव हाय न्हवं?" खतीजा म्हणाली.

"हाय. मग?"

"मग द्या हिकडं."

"येडी झालीस? कल्याणला गाडी बदलायची, इटारसीला बदलायची. दोघी बाया..."

"बायकांचा डबा असतो ना? जिथं कळंना तिथं विचारीन. तोंड हाय मला." तिने त्याच्या हातातून पास आणि जंगलखात्याचं पत्र घेतलं आणि चोळीत खोचलं. "सोळा वरसं ऐकतीया मी तुमचं गवं. एकदा बघून तरी येऊ द्या."

वडगावचे लोक काय म्हणतील, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात रशिदाने मान वर केली, आणि ते त्याच्याने बोलवेना.

गाडी आली. त्याने दोघींना बायकांच्या डब्यात बसवलं आणि तो धावत केबिनकडे गेला. सांध्याचा खटका नेहमीपेक्षा जड लागला. सिंगल पडलं, विजेच्या इंजिनाने शिटी दिली आणि गाडी त्याच्यासमोरून घाटाकडे गेली. कुठल्या खिडकीत त्या होत्या, ते त्याला नीट दिसलंही नाही. वीस मिनिटांत स्पेशल आली. हॅट घातलेले, छत्र्या घेतलेले, लेकरांना हाका मारणारे लोक फलाटावर उतरले, आणि बाहेर टांगेवाल्यांची झुंबड उडाली.

ते सहा दिवस त्याला फार जड गेले. झुंबरबाईने पहिल्याच सकाळी दारात येऊन विचारलं, "बाप्या न्हाई संगं, तरनी पोर धाडली जंगलात? असं कुटं आइकलंय का?" तिसऱ्या दिवशी वडगावहून नवऱ्यामुलाचा चुलता इकबाल आला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती.

"पोरगी कुटं हाय म्हणं?"

"मी धाडलीय," फकरुद्दीन म्हणाला. "तिच्या आईसंगं. मीच धाडलीय."

इकबाल चहा न घेता गेला. सोयरीक मोडते की काय, या काळजीने फकरुद्दीनला दोन दिवस घास गोड लागला नाही. रागही येत होता. त्या पोरीला दोन वर्षं दारातसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं, त्याचा हिशेब मात्र कोणी विचारला नव्हता.

बावीस तारखेला दुपारी त्या परत आल्या, तेव्हा तो ड्युटीवर होता. लांबून दोघींना फलाटावरून चालत जाताना पाहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला. घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. रशिदा माजघरात दमून झोपली होती. खतीजाने त्याला ताट वाढलं.

त्याला धीर निघेना. "गवा दिसला?"

"न्हाई."

"न्हाई?"

"तीन दिस बसलो. गार्ड म्हणला, औंदा पानी आटलं, गवं वर डोंगरात गेलं. आन् तुमची ती टाकी बी न्हाई तितं. कवाच पाडली म्हणं."

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. एवढं सगळं केलं, एवढं बोलून घेतलं, आणि दिसलं काय? काहीच नाही. "मंग समदं फुकटच गेलं म्हणायचं," तो म्हणाला.

खतीजा चुलीतली लाकडं मागे ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"तिसऱ्या दिशी गार्ड आमाला वढ्याकाठी बसवून कुटंतरी गेला. वढ्यात घोट्याएवढं पानी. चिटपाखरू न्हाई. रशिदा पान्यात उतरली. वर माकडं हुती, त्यातल्या एकानं तिच्या डोक्यावर फळ टाकलं. पोरगी अशी हसाया लागली..."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं. मी गप म्हणाया तोंड उघडलं. मग म्हणलं, हितं कोन ऐकतंय?" तिने निखाऱ्यांवर राख ओढली. "मग मीबी हसले. पदर खांद्यावर पडला, तो तसाच ऱ्हाऊ दिला. दोघी हसतच बसलो, येड्यावानी."

फकरुद्दीन तिच्याकडे बघत राहिला. त्या जंगलात त्याने आठ महिने काढले होते. या घरात तिच्याबरोबर सोळा वर्षं. खतीजाला मोठ्याने हसताना कधी ऐकलं होतं, ते तो आठवू लागला. लग्नातलं आठवलं, रशिदाच्या जन्माच्या वेळचं आठवलं. हसू आठवत होतं, आवाज आठवेना.

"कशी हसलीस?" त्याने विचारलं.

खतीजाच्या तोंडावर ते हसू येऊ लागलं होतं. तेवढ्यात तिची नजर उघड्या दाराकडे गेली. समोरच्या ओट्यावर झुंबरबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. खतीजाने पदर डोक्यावर ओढला आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली.