मालनबाईचा चहाचा खलबत्ता

मित्रांनो, मला उचलायचं तर दोन्ही हात लागतात, आणि कमरही धड असावी लागते. मी शेवगावच्या मालनबाईचा जुना बिडाचा खलबत्ता. बीड म्हणजे ओतीव लोखंड. शेजारच्या जिल्ह्याशी माझं काही नातं नाही. तुमच्या घरी मिक्सर असेल. तो आरडाओरडा फार करतो आणि जरा काम पडलं की तापून बसतो. पण आज मी त्याची उणीदुणी काढायला बसलेलो नाही. आज मला मालनबाईचं दुःख सांगायचं आहे. मी तिला 'ती'च म्हणतो. इतकी वर्षं तिच्या पायाशी बसलेल्याला तेवढा हक्क आहे.

केडगावच्या एका लहानशा ओतशाळेत वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. तिथून मी शेवगावच्या आठवडे बाजारात आलो आणि तवे, विळे, कढया यांच्या शेजारी पोत्यावर मांडला गेलो. मालनबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने बत्ता उचलला, माझ्या काठावर हलकेच मारला आणि कान देऊन आवाज ऐकला.

"तडा न्हाई. घ्या ह्यो," ती म्हणाली.

"आगं, पन ह्यो धोंडा उचलायचा कुनी?" तिचा नवरा भागवत म्हणाला.

"तुमीच. टेम्पो कशापायी हाय?"

भागवत टेम्पो चालवायचा. कांदा, कापूस, जे मिळेल ते भाडं. त्याच टेम्पोत बसून मी घरी आलो. मालनबाईने माझ्यात आधी तांदूळ कुटून माझा काळा मळ काढला, मला धुऊन उन्हात ठेवलं आणि घरच्यांना बजावून सांगितलं, "ह्याच्यात फकस्त च्याचा मसाला. लसनाची एक पाकळी जरी पडली तर याद राखा. बीड वास धरून बसतं." ते खरंच आहे. आमच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. एकदा आत शिरलेला वास आम्ही सहजासहजी सोडत नाही. म्हणून ठेचा पाट्यावर, पुढे मिक्सरमध्ये, आणि मसाला माझ्यात, असा त्या घराचा नियम होता.

मसाला करायचा दिवस म्हणजे माझा सणच. मालनबाई तव्यावर जिन्नस जरासे शेकून घ्यायची. ते कधी उतरवायचे हे तिला तिचं नाक सांगायचं. सगळ्यांत आधी सुंठ. तिचे तुकडे माझ्यात पडले की भिंती दणाणायच्या. मग दालचिनी, मग मिरी आणि लवंग, थोडी बडीशेप. वेलदोडे शेवटी, सालीसकट, आणि चिकटू नयेत म्हणून बरोबर साखरेची चिमूट. वरून जायफळ किसायचं. वजनमाप काही नसायचं. कुटता कुटता ती वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून दोन लवंगा मागतंय." मग चिमूटभर पूड तळहातावर घेऊन ती आधी स्वतःच्या नाकाशी धरायची आणि मग भागवतच्या.

भागवत डोळे मिटून वास घ्यायचा आणि जे असेल ते सांगायचा. "आज मिरी लई झाली." "जायफळानं झोप यील मला गाडीवर." मालनबाई फणकारायची, म्हणायची, "मग तुमीच कुटा!" पण मुकाट्याने वेलदोडे वाढवायची. तो नुसतं "व्हय" म्हणेपर्यंत मसाला डब्यात भरला जात नसे. मित्रांनो, त्यांचा मुलगा कल्याण पित्तामुळे चहाला शिवायचा नाही. त्यामुळे त्या घरात चहाची पारख दोघांनाच होती. येणारेजाणारे कप संपवून आणखी मागायचे, शेजारणी पुडी बांधून न्यायच्या, आणि मी उगाचच फुगायचो.

मग तो दिवस आला. तिसगावला एका लग्नाला दोघं मोटारसायकलवर गेली होती. परतताना रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. भागवत जागीच गेला. मालनबाईच्या डोक्याला मागून मार बसला होता. तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. ती घरी आली तेव्हा डोक्याला टाके होते आणि हातात बांगड्या नव्हत्या.

सगळ्यांनी तिला सगळं विचारलं. दिसतंय का, ऐकू येतंय का, चक्कर येते का, हातपाय हलतात का. वास येतो का, हे कुणी विचारलं नाही. मालनबाईलाही ते लगेच कळलं नाही. जेवण अळणी लागायचं, पण दुःखात कुणाला गोड लागतं? एके दिवशी तिने शेगडीवर दूध ठेवलं. ते उतू गेलं, करपलं, घरभर धूर झाला, आणि ती शेजारी बसूनही तिला समजलं नाही. कल्याण धावत आत आला तेव्हा तिने पातेल्याकडे पाहिलं. मग ती उठून माझ्याजवळ आली, माझ्यात तोंड घालून तिने खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्या अंगात तर इतक्या वर्षांच्या मसाल्यांचा वास मुरलेला होता.

"आरं, तुझं मला काहीच कळंना," ती म्हणाली आणि माझ्या काठावर कपाळ टेकून रडली.

ती हे कुणाला का बोलली नाही, असं तुम्ही विचाराल. एकदा तिने प्रयत्न केला होता. भागवतचा धाकटा भाऊ आसाराम भेटायला आला होता. ती म्हणाली, "भावजी, मला वास..." तेवढ्यात तो म्हणाला, "वहिनी, तुमचा जीव वाचला ह्ये काय थोडं झालं? दादा तर ऱ्हायला न्हाई." मग ती चहा ठेवायला उठली. नवरा गेला आणि ही बाई नाकाचं रडगाणं गाते, असं लोक म्हणतील, ही भीती तिच्या मनात बसली. ती माझ्याशीच पुटपुटायची म्हणून मला माहीत.

मसाला मात्र तिने सोडला नाही. लवंग फुगलेली दिसली, वेलदोड्याची साल टरारली की ती तवा उतरवायची. माझा आवाज ऐकून पूड किती बारीक झाली ते ओळखायची. हात जुना होता, पण नाक नसताना हात किती दिवस खरा राहणार? कधी सुंठ करपायची, कधी लवंगांनी जीभ बधिर व्हावी असा मसाला व्हायचा. मला सगळं समजत होतं. येणाऱ्या माणसांनाही समजत असावं, कारण दुसरा कप आता कुणी मागत नव्हतं. पण विचारलं की सगळे म्हणायचे, "झ्याक झालाय." दुःखातल्या बाईला कोण सांगणार, की तुझा चहा बिघडला म्हणून? आणि दर वेळी मसाला झाला की ती चिमूट तळहातावर घ्यायची, नाकाशी धरायची, थोडा वेळ तशीच थांबायची आणि हात झटकायची.

आमच्याकडे घरात कुणी गेलं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर ते लांबणीवर पडतं. म्हणून कल्याणचं लग्न साधेपणाने झालं आणि सुकन्या घरात आली. पोरगी गुणाची. पण लसणाचा नियम तिला कुणी सांगितलाच नाही. मालनबाईला वाटलं असेल, हे का सांगायला लागतं? कल्याणच्या तर ते डोक्यातही आलं नाही.

भागवतच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळीच लाईट गेली. कल्याणचा डबा भरायचा होता आणि मिक्सर मुका बसला होता. सुकन्याने मला जमिनीवर ओढलं, हिरव्या मिरच्या आणि मूठभर लसूण माझ्यात टाकला आणि झपाझप ठेचा कुटला. मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर गाव गोळा केलं असतं. तिने मला नंतर साबणाने घासलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. तिच्या बाजूने तिने काही कमी केलं नव्हतं.

दुपारी मालनबाई माझ्यासमोर बसली. त्या दिवशी तिने जेवढं मन लावून मसाला केला, तेवढं मी कधी पाहिलं नव्हतं. "देव आन् पितर कुटं जेवत्यात?" ती सुकन्याला म्हणाली. "त्ये निस्ता वास घेत्यात. उद्या त्यांच्या म्होरं च्या ठिवायचाय. वास बराबर पायजे." तिने मला फडक्याने पुसलं, हात जोडले आणि सुंठ टाकली. लसूण माझ्या अंगात मुरला होता. एकेका घावाबरोबर तो त्या पुडीत उतरत गेला. सुकन्याला त्या दिवशी सर्दी झालेली होती, आणि नसती तरी आपल्याच हाताचा लसूण तिला लगेच कळला असता का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. फोटोला हार घातला. मालनबाईने स्वतः चहा उकळला, पहिला कप फोटोसमोर ठेवला आणि मग सगळ्यांना वाटला. पहिल्या घोटालाच माणसांचे चेहरे बदलले. चहात लसूण! आसारामने कप खाली घेतला, वहिनीकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडाला लावला.

मालनबाई फोटोकडे पाहत उभी होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"बगा," ती म्हणाली, "कसा वास सुटलाय."

सगळ्यांनी तो चहा संपवला.

सुकन्याचं नाक आता मोकळं झालं होतं. तिने आत येऊन उरलेला चहा चाखला आणि तिला कालचा ठेचा आठवला. पाहुणे पांगल्यावर ती सासूसमोर येऊन उभी राहिली. "आत्या, माजं चुकलं. काल मी ठेचा ह्याच्यात कुटला. लसनाचा. तुमी रागवा मला."

मालनबाई रागावली नाही. तिने विचारलं, "म्हंजी... वास येत हुता?"

"लई येत हुता. तुमाला न्हाई आला?"

मालनबाई खाली बसली. तिने विचारलं, "आन् सगळ्यांनी पेला?"

"व्हय."

"त्यांच्या म्होरं बी त्योच ठिवला मी?"

सुकन्याने मान डोलावली. वर्षभर कोंडलेलं सगळं मग मालनबाईने तिला सांगितलं. सुकन्याने तिचा हात घट्ट धरून ऐकलं. पुढे ती तिला नगरच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेली. डोक्याला मार लागला की असं होतं, ते म्हणाले, आता इतक्या दिवसांनी वास परत येईल असं वाटत नाही.

मला मालनबाईने खाटेखाली सरकवून दिलं. घरात दुकानातली मसाल्याची पुडी येऊ लागली. कोळ्यांनी माझ्यात जाळं विणलं, ओल लागून माझ्या बुडाला गंज चढला. पण खरं सांगतो, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच, की तिच्या हक्काचं रडायचं ठिकाणही आता राहिलं नाही.

एक दिवस सुकन्यानेच मला बाहेर ओढलं. जाडं मीठ कुटलं, तांदूळ कुटले, मला चुलीवर तापवलं, पुन्हा मीठ, पुन्हा तांदूळ. लसूण जाईपर्यंत तिने मला सोडलं नाही. मग ती म्हणाली, "आत्या, तुमी कुटा. मी वास घेती. मामांना आवडायचा तसा करू. कसा हुता त्यो, सांगा मला."

मालनबाईने तोंड उघडलं. "आदी जरा गार लागायचं नाकाला... मंग ऊब यायची... मंग..." ती थांबली. पुन्हा सांगू लागली आणि पुन्हा थांबली. "न्हाई गं सांगता येत. मलाच आता नीट आठवंना."

मित्रांनो, मला आठवत होतं. माझ्या अंगात तो वास होता, मीठ आणि तांदळाने लसणाबरोबर तोही काढून नेईपर्यंत.

त्या दोघींनी मसाला केला. सुकन्याचं नाक चांगलं आहे. तो मसाला छान झाला, पण तो वेगळा होता, आणि हे दोघींनाही माहीत होतं. आता तोच मसाला घरात असतो. मालनबाई कुटते, सुकन्या वास घेते आणि जे असेल ते सांगते.

यंदाही भागवतचं श्राद्ध झालं. मालनबाईने सगळ्यांना मसाल्याचा चहा दिला आणि फोटोसमोर नुसता साधा ठेवला. आसारामच्या ते लक्षात आलं.

"वहिनी, दादाच्या च्यात मसाला न्हाई घातला?"

"न्हाई भावजी. त्यांचा मसाला मला आता येत न्हाई."

"कोन म्हनतं? गेल्या वर्सी बी झ्याक हुता की."

मालनबाईने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "गेल्या वर्सी लसून हुता त्याच्यात. सुकन्यानं सांगितलं मला. तुमी कुनी न्हाई सांगितलं."

आसारामने मान खाली घातली. "तुमाला वाईट वाटंल म्हनून, वहिनी. तुमचं दुःख केवढं..."

"माज्या नाकाचं मी कुनाला बोलले न्हाई, ती माजी चूक," ती म्हणाली. "पन एकानं जरी म्हनलं असतं, 'च्या बिघडलाय,' तर त्यो कप मी उचलून नेला असता. त्यांच्या म्होरं दिवसभर तसाच ऱ्हायला त्यो."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, असं मीही सांगितलं असतं. पण माझं काय, गंज खरवडला की मी पुन्हा उभा. घरात कुणी दुःखात असेल तर त्याच्याजवळ बसून सगळं विचारा. जे विचारायचं सुचत नाही, तेही विचारा. आणि त्याने केलेला चहा बिघडला असेल, तर गोड बोलून तो संपवू नका. मायेने सांगा. त्या दिवशी घरभर माणसं होती, सगळी मालनबाईला जीव लावणारी. त्यांच्यात ती एकटी उभी होती.