हळदीची गौर

मी गोदावरी. नाशकात दर दोन घरांआड एक गोदावरी सापडेल, पण माझ्याइतकी फटकळ एकही नाही, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे ढुंढिराजशास्त्री, रामकुंडावरचे उपाध्ये.

गोष्ट छत्तीस सालच्या चैत्रातली. आमच्या चैत्रगौरीमागच्या भिंतीवर दरवर्षी बहिरू रंगारी गौर काढायचा. यंदा तो सायखेड्याला लेकीच्या लग्नात अडकला आणि हळदीकुंकू तर उद्यावर आलेलं. मी म्हटलं, "वन्संना काढू द्या की!"

कुसावन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. न कळत्या वयात कपाळाचं कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून आमच्या चुलीपुढे. बोटांत कला अशी, की परातीतल्या पिठात मोर काढायच्या आणि कुणी बघायच्या आत मोडून टाकायच्या. ह्यांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "काढ, कुसा. पण लाल रंग नको, लोक नावं ठेवतील. नीट जमलं तर दरसाल तूच काढ. नाही जमलं तर पुन्हा हा विषय नको."

वन्संच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

पण घरात रंग कुठले? त्यांनी मिसळणाचा डबाच पुढे ओढला. हळद पाण्यात कालवली, कोथिंबीर वाटून हिरवा केला, काळ्या मसाल्याचा मातकट. तिखटाच्या वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. मी बोट बुडवून चाखणार, तोच ओरडल्या, "अहो वहिनी, देवीचं आहे ते, उष्टं कराल!" स्वतः नुसत्या वासावर कालवत होत्या, नैवेद्याच्या आमटीसारखं.

"हळदीत मेथ्या कशाला?"

"भिंतीला धरून राहते."

"आणि हिंग?"

"तो चुकून पडला हो!" दोघी पोट धरधरून हसलो.

भिंतीला सकाळीच चुना दिला होता, अजून ओलसर होती. गौर उभी राहिली. पिवळं लुगडं, पिवळे हात, कपाळावर पिवळाच ठिपका. आणि अगं बाई! बघता बघता सगळं लाल व्हायला लागलं. वन्संनी हळदीची बशी माझ्यापुढे धरली. "वहिनी, मी नाही हो लाल घेतला!"

नेमके हे दारात. "कुसा, कुंकवाला हात लावलास? पुसून टाक. संपला विषय."

मला राग तर आलाच, पण त्याहून जास्त नवल वाटलं. हळदीनं असं का करावं? मग आठवलं. धोतरावरचा आमटीचा डाग धुण्याच्या सोड्यानं लाल होतो, रोज तर बघते मी! भिंतीचा चुनाही तसलाच असेल! तशीच उठले, ह्यांच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि बशीतल्या हळदीत फिरवला. लालभडक! वर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळी!

"बघा," मी म्हटलं, "चुना तुमचा, हळद माझी. वन्संनी कुंकवाला बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि कुंकू तरी कशाचं करतात हो? हळदीचंच ना?"

हे खाली बसले. स्वतः चुना फिरवला, स्वतः लिंबू पिळलं, पुन्हा चुना, पुन्हा लिंबू. शेवटी म्हणाले, "मग लिंबानं पिवळी कर, कुसा. चित्र राहू दे."

वन्सं लिंबाची फोड घेऊन उठल्या. हळूहळू लुगडं पिवळं झालं, हात पिवळे झाले, गाल पिवळे झाले. गौरीच्या कपाळावरच्या लाल ठिपक्यापाशी हात गेला आणि थांबला. कितीतरी वेळ तसाच होता. मग त्यांनी मूठ मिटली.

"दादा, लिंबू संपलं."

मुठीतून रस कोपरापर्यंत ओघळत होता. ह्यांना दिसत होता, मलाही दिसत होता. जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले.

"संपलं तर संपलं," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "उद्या बायकांना सांग, चित्र कुसानं काढलंय."