मिनिटाला अठरा

पुरुषांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरचा हात असा चालायचा की बघणाऱ्याने बघतच राहावं. तीस खाटा, तीस तक्ते आणि वेळ अवघा वीस मिनिटं! ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, सगळ्याचे आकडे लिहायचे, प्रत्येक आकड्याला गुण द्यायचे आणि बेरीज मांडायची. हे गुण शाळेच्या उलटे. शून्य मिळालं तो ठणठणीत, पाच झाले की डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं. बाकीच्या सिस्टर सातव्या खाटेपाशी घुटमळत असायच्या, तोवर हिचा चहा पिऊन झालेला असायचा.

यामागचं गुपित साधं होतं. ताप, नाडी, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास मात्र छातीकडे बघत मिनिटभर मोजावा लागतो. तीस रुग्ण म्हणजे अर्धा तास झाला, आणि एका पाळीला वॉर्डात सिस्टर दोनच. तेव्हा ती फेरीआधीच सगळ्या तक्त्यांवर अठरा लिहून टाकायची. अठरा हा सभ्य आकडा. त्याला गुण शून्य, आणि अकरा वर्षांत त्याने कुणाला काही विचारायला लावलं नव्हतं.

बारा नंबरच्या खाटेवर तराजूकाका आले आणि तिचे ग्रह फिरले. वजनमापांचे निवृत्त निरीक्षक, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. डॉक्टरांनी त्यांना वॉर्डभर फिरायला सांगितलं होतं, आणि रिकामं फिरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खाटांच्या पायथ्याशी टांगलेले तक्ते ते एकेक करून वाचत सुटले. दुपारच्या फेरीनंतर ते सिस्टरच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

चौदा नंबरवर कोण आहे, असं त्यांनी विचारलं. तापाचे पेशंट आहेत, बरे आहेत, असं सिस्टरने मान वर न करता सांगितलं.

"ते सकाळीच घरी गेले," काका शांतपणे म्हणाले. "खाट रिकामी आहे. गादीसुद्धा उन्हात टाकलीय. पण तुमच्या तक्त्यात ती खाट मिनिटाला अठरा श्वास घेतेय."

शेजारच्या दोन खाटांवरून खुदखुद ऐकू आली. सिस्टरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षांची नोकरी आहे, पेशंटच्या नुसत्या चेहऱ्यावरून मला कळतं, असं तिने ठणकावलं. काका म्हणाले, "मग चेहरा लिहा. पण तक्त्यात चेहऱ्याचा रकानाच नाही."

तिला वाटलं, यांना सरळ झोपेचं औषध द्यावं. पण काका तिथून हलेनात. त्यांनी स्टूल ओढलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, खोटं वजन वापरणारा दुकानदार मी चुटकीसरशी पकडायचो. त्याला ठाऊक असायचं की आपण चोर आहोत. मला धास्ती असायची ती अंदाजाने पुडी बांधणाऱ्याची. तो बिचारा प्रामाणिक, त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा. पण तिथे अंदाज चुकला तर मूठभर साखर कमी यायची. इथे काय कमी येईल? माझ्या शेजारच्या अकरा नंबरकडे एकदा बघ. कालपासून मी त्याचा श्वास ऐकतोय."

अकरा नंबरवरचा शिंपी दोन दिवसांपूर्वी पोटाच्या ऑपरेशनमधून निघाला होता. वॉर्डातला सगळ्यात गुणी पेशंट. विचारलं की हसून "बरं आहे" म्हणायचा. काकांची एकदाची जिरवावी म्हणून सिस्टर तरातरा तिकडे गेली. शिकताना सांगितलेलं तिला आठवलं: श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, नाहीतर तो बेताने घेतो. तिने नाडी बघतेय असं दाखवत त्याचं मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली.

दहा. वीस. घड्याळाचा सेकंदकाटा अजून वर चढतच होता. मिनिट भरलं तेव्हा आकडा अठ्ठावीसवर होता.

श्वासाचे तीन गुण. वाढलेल्या नाडीचे दोन तिने मघाशी लिहिलेच होते. तीन आणि दोन पाच!

सिस्टर धावली. डॉक्टर आले, प्राणवायू लागला, छातीचा फोटो निघाला. फुप्फुसात जंतुसंसर्ग पसरू लागला होता. आत्ता कळलं म्हणून औषधाने भागेल, उद्या कळलं असतं तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टर शिंप्यापाशी आली. त्रास होत होता तर बोलला का नाहीत, असं तिने विचारलं. नाकावरची नळी सावरत तो ओशाळून म्हणाला, "तुम्ही इतक्या गडबडीत असता, म्हटलं कशाला आणखी ताप द्यायचा."

सिस्टर बाहेरच्या जिन्यावर जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुऊन मेट्रनकडे गेली आणि सगळं कबूल केलं. मेट्रनने तिला फैलावर घेतलं, शिवाय बाकीच्या वॉर्डांचे तक्तेही मागवले. बायकांच्या वॉर्डात यच्चयावत पेशंट मिनिटाला वीस श्वास घेत होत्या, तिथल्या सिस्टरचा आवडता आकडा वीस होता! तेव्हा मेट्रनने अधिष्ठात्यांच्या खोलीत ठाण मांडलं आणि प्रत्येक वॉर्डासाठी एकेक सिस्टर वाढवून घेतली.

आता थोरल्या सिस्टरच्या फेरीला तासभर लागतो आणि चहा गार होतो. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगते, "आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळेच बघतात. जो 'बरं आहे' म्हणतो, त्याच्यापाशी मिनिटभर थांबा."

वाचकहो, हे फक्त सिस्टरांसाठी नाही. आपल्या घरातही कुणीतरी रोज "बरं आहे" म्हणतं आणि आपण ते खरं धरून पुढे जातो. आज जरा थांबून त्यांच्याकडे बघा.