टोपलीवालीचं आदर्श घर

टोपलीवाली अंगणात बसून कोयत्यानं बांबू चिरत होती आणि गिरणीवाला समोर उभा राहून तिला वीज आत्ता नको म्हणून सांगत होता. गोड बोलत होता, एवढंच.

"नको कुठं म्हणतोय मावशी, थोडं थांबा म्हणतोय. पाहुणे एकदा येऊन जाऊ द्यात."

"खांब तो काय अण्णा, बांधावर उभाय. इथनं ढेकूळ मारलं तर लागेल त्याला. वायरमन म्हणतो सकाळी हात घातला तर दुपारी दिवा लागेल, पण गिरणीवाल्या अण्णांना विचारल्याशिवाय मी खांबावर चढत नाही."

"बरोबर आहे त्याचं. गावात काही शिस्त नको का?"

आत तिचा म्हातारा नवरा खोकायला लागला. त्याचा खोकला सुरू झाला की बोलणारा माणूस आपोआप गप्प व्हायचा, कारण पुढचा श्वास येतोय की नाही याकडेच कान लागायचे. छाती खोक्यासारखी झाली होती त्याची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी औषधाची वाफ देणारं यंत्र घरी न्यायला दिलं होतं, दिवसातून दोनदा नाकातोंडाला लावायचं. यंत्र फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं होतं. ते विजेवर चालत होतं आणि घरात वीज नव्हती.

श्वास आला. गिरणीवाल्यानं आवाज खाली घेतला. "हे बघा, हिरव्या गावाच्या स्पर्धेत आपला पहिला नंबर लागला तर पक्का रस्ता मिळतो. सगळं गाव झटतंय. आणि तपासायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला तुमच्यासारखं घर दुसरं नाही. ते बघून गेले की दुसऱ्या दिवशी तार. माझा शब्द."

गाव झटत होतं हे खरं. किराणावाल्यानं प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या होत्या. ज्यानं त्यानं परसात ओल्या कचऱ्याचा खड्डा काढला होता, भांड्यांचं पाणी आळ्यात सोडलं होतं, जवळच्या कामाला गाडी काढायची नाही असं ठरलं होतं. बाजाराला टोपल्या हव्यात म्हणून टोपलीवालीच्या दाराशी बायकांची रांग लागली होती. मान मोडेपर्यंत ती विणत होती आणि मनातून खूश होती. लोक आपल्या वळणावर आले असं तिला वाटत होतं. म्हणून तिनं गिरणीवाल्याचा शब्द घेतला.

पाहुणे आले. तिनं अंगण सारवलं होतं, म्हाताऱ्याला धुतलेला सदरा घातला होता. चार भांडी, दोन गोधड्या, एक चूल. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि तुमच्या घरातला कचरा कुठं जातो?"

"होतच नाही," टोपलीवाली म्हणाली. "उरलं तर टाकायचं ना."

पाहुणे एकमेकांकडे बघून असे हसले जशी काही लहान लेकरानं कविता म्हणून दाखवली. गोधडीची ठिगळं त्यांनी हात लावून बघितली, आंघोळीच्या पाण्यावर वाढलेल्या दुधीचे फोटो काढले. म्हातारा खोकला दाबून बसला होता. दाबता दाबता त्याचे डोळे लाल झाले, पण त्यानं घराची लाज राखली.

जाताना बाई म्हणाल्या, "हे घर असंच ठेवा हं. पुढच्या वेळी आम्ही बाकीच्यांनाही घेऊन येऊ."

आणि तिथंच सगळं फिसकटलं. दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर गेली तर गिरणीवाला पीठ झटकत म्हणाला, "तुम्ही स्वतः ऐकलंत ना मावशी? असंच ठेवा म्हणाले. आता तुमच्या घरावर तार दिसली तर गावाचं नाक कापलं जाईल."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मी कुठं जातोय? निकाल लागू द्या."

ती घरोघर फिरली. ज्यांच्या घरात पंखे होते, फ्रीज होते, त्यांनी तिला पाटावर बसवून पाणी दिलं. "इतकी वर्षं काढलीत, आता थोडक्यासाठी कशाला," असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "रस्ता सगळ्यांचाच आहे की. पाऊस लागला की पोरं चिखलातनं शाळेला जातात, त्यांचा तर विचार करा." तिसरीनं दारच उघडलं नाही. वायरमन भला माणूस होता, पण त्याचं घर गिरणीवाल्याच्या जागेत होतं. "मावशी, माझे हात बांधलेत," म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

मग टोपलीवालीनं हातगाडी काढली. म्हाताऱ्याला तीत बसवायचं, यंत्र त्याच्या मांडीवर द्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ गिरणीपर्यंत ढकलत न्यायचं. गिरणीच्या ओट्यावर बसून तो वाफ घ्यायचा. वाफ छातीत गेली की तासभर माणसात यायचा, येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करायचा. एकदा तिला म्हणाला, "लग्नात घोड्यावर बसवलं नाहीस, आता गाडीत बसवतेस."

"गप बसा. श्वास वाया घालवू नका."

थंडी पडली तशी गिरणीवाल्याची बायको बाहेर आली. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. दळण न्यायला आलेली माणसं कुरकुरतात. पिठाशेजारी असं खोकणं बरं दिसत नाही."

"तोंड भिंतीकडं करून बसवते."

"तसं नाही. आवाज तर येतोच ना."

त्या दिवसापासून ती त्याला दवाखान्याकडे नेऊ लागली. वाट लांब, खडीची, मधे चढ. गोधडीत गुंडाळूनही म्हातारा कुडकुडायचा आणि गार हवा छातीत गेली की अर्ध्या वाटेतच धाप लागायची. एका सकाळी चढावर गाडी जड लागली. ती पुढं वाकून ढकलत राहिली, त्याच्याशी बोलत राहिली, आता आलंच म्हणत राहिली. वर पोचल्यावर तिनं गाडी टेकवली, समोर येऊन बघितलं, तर यंत्र त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि मान कलली होती. पडू नये म्हणून शेवटपर्यंत धरलं असणार. दुसऱ्याची वस्तू होती.

मातीला सगळं गाव आलं. गिरणीवाला पुढं होता.

निकाल लागला, गावाचा पहिला नंबर आला. कार्यक्रम कुठं घ्यायचा असा प्रश्न निघाला तेव्हा पाहुण्यांनीच कळवलं, त्या आदर्श घरापुढंच घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वायरमन आला. बांधावरच्या खांबावर चढला, तार खाली सोडली, अंगणातून ओढत आणली आणि टोपलीवालीच्या उंबऱ्याला चिकटून बटणांची फळी ठेवून भोंग्याचा प्लग तीत खोचला. लोकांनी चहा घेईपर्यंत भोंगा बोलायला लागला. टोपलीवाली दारात बसून हे बघत होती. वायरमननं तिच्याकडे बघितलं नाही.

खुर्च्या भरल्या. गिरणीवाला माइकपुढं उभा राहिला. पाणी, झाडं, पिशव्या असं सगळं बोलून झाल्यावर त्यानं हात तिच्याकडे केला. "आणि ही आमची मावशी. विजेशिवाय माणूस किती सुखानं जगू शकतो, हे अख्ख्या जगानं हिच्याकडून शिकावं—"

टोपलीवाली उठली नाही. बसल्या जागी हात लांब केला आणि प्लग उपटला.

भोंगा बंद पडला. गिरणीवाल्याचे ओठ हलत राहिले, पण मागच्यांना काही ऐकू येईना.

"बोला की," ती म्हणाली. शांततेत तिचा आवाज कुंपणापर्यंत गेला. "विजेशिवाय जमतं ना? माझ्या माणसाला नाही जमलं. तो मेला."

वायरमननं खाली मान घातली. गिरणीवाल्याचा चेहरा पिठासारखा पडला. पहिल्या रांगेतल्या त्या पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

"केवढा त्याग," त्या शेजारच्याला म्हणाल्या. "नवरा गमावला, पण तत्त्व सोडलं नाही."

मग बाकीचे पाहुणेही उठले. गावातले लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग एकेक करून तेही उठले. गिरणीवाल्यानं माइक बाजूला ठेवला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानं वाजवल्या.

टोपलीवाली प्लग हातात धरून बसली होती. टाळ्या थांबायची वाट बघितली, त्या थांबेनात, तेव्हा तिनं प्लग खाली ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी तार परत काढून न्यायची होती. वायरमननं दाराशी येऊन हळूच विचारलं, "मावशी, कुणी नाहीये आता. एक दिवा जोडून जाऊ का?"

आतून बांबू चिरल्याचा आवाज येत होता.

"तार गुंडाळ," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत घरी जा."