मागे बसणाऱ्याचं हेल्मेट

मोटरसायकल घ्यायची ठरली तेव्हा मुलीने जेवताना एकच अट घातली.

"बाबा, भाव तुम्ही करायचा. मला त्या लोकांशी बोलताच येत नाही."

मीटरकाकांनी ताटात मान घातली. तोंडावर आलेलं समाधान घरात दिसू द्यायचं नव्हतं. माणूस विकणारा असो की घेणारा, समाधान चेहऱ्यावर आणलं की भाव बिघडतो, असं त्यांचं जुनं मत. ते मत ते घरातही पाळत, त्यामुळे काकूंच्या वाट्याला स्वयंपाकाचं कौतुक असं कधी आलंच नव्हतं.

मीटर हे काही त्यांचं नाव नव्हे. कापडाच्या दुकानात ते एकतीस वर्षं काउंटरमागे उभे होते. ठाणातून तीन मीटर नुसत्या हाताने मोजून फाडायचे, आणि मागाहून पट्टी लावली तर बोटभराचा फरक निघत नसे. म्हणून बाजार त्यांना मीटर म्हणायचा, केस पांढरे झाल्यावर मीटरकाका म्हणू लागला. भावाच्या बाबतीत तर गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते त्याचं पाणी जोखत. हा नुसता हात लावून जाणार, हा घेणार पण आधी रडणार, हा उठून दारापर्यंत जाणार आणि पाचव्या पावलाला हाक मारली की परत येणार. चौथ्याला हाक मारली तर गिऱ्हाईक शेफारतं आणि सहाव्याला मारली तर त्याला लाज वाटून ते खरंच निघून जातं, हे ते नव्या सेल्समनना शिकवायचे.

चौदा महिन्यांपूर्वी मालकाच्या मुलांनी दुकान बंद करून जागा भाड्याने दिली. आता तिथे कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि चिठ्ठीशी कोण भांडणार? मीटरकाका घरी बसले. आधी लोकांना म्हणायचे, "जरा विश्रांती घेतोय." चौदा महिने कोणी विश्रांती घेत नाही, हे लोकांनाही कळत होतं. हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. काकूंनी भाजीला पाठवलं तर भाजीवाला सांगेल तेवढे पैसे मुकाट्याने देऊन येत, तेव्हा काकूंना पहिल्यांदा भीती वाटली. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने नदीपलीकडे पडद्यांच्या कापडाचं दुकान काढलं होतं. त्याने दोनदा बोलावलं, मापं घ्यायला भरवशाचा माणूस हवा म्हणून. मीटरकाका दोन्ही वेळा "लांब पडतं" म्हणाले. लांब फारसं नव्हतं. खरी गोष्ट अशी की आपली आता कोणाला गरज नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्यामुळे "भाव तुम्ही करायचा" हे तीन शब्द त्यांना फार लागले होते, चांगल्या अर्थाने. या सौद्यात आपण हरलो तर पुन्हा उठणं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. शुक्रवारी त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला, आणि शनिवारी सकाळी त्याला पुन्हा इस्त्री केली.

मुलगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. सकाळी सहापासून लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, बाटल्या थंड पेटीत ठेवायच्या आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. बसने तीन घरं जेमतेम होत, गाडी असती तर आठ झाली असती. स्कूटर तिला नको होती. तिच्या वाटेवर दोन उभे चढ होते आणि मैत्रिणीची स्कूटर तिथे दम टाकत असे.

शोरूममध्ये सगळीकडे काचा, आणि फरशी इतकी चकचकीत की काकांनी नकळत चपला दाराशी काढल्या. मुलीने हळूच सांगितलं, "बाबा, घाला." त्यांनी पुन्हा घातल्या. सुरुवात काही बरी झाली नाही.

विकायला एक बाई होत्या. चाळिशीच्या पुढच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, बोलायला गोड. त्यांनी गडद निळी मोटरसायकल दाखवली, मुलीला वर बसवलं, आरसे नीट करून दिले. मग टेबलाशी बसून हिशोबाचा कागद पुढे सरकवला. गाडीची किंमत, नोंदणी, विमा, वाढीव हमी, सीटकव्हर आणि गार्ड, हाताळणी खर्च. एकूण एक लाख अठरा हजार चारशे.

काकांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला. यात त्यांनी मुद्दाम दोन मिनिटं घालवली.

"हाताळणी खर्च म्हणजे काय हो?"

"काका, कंपनीतून गाडी येते, उतरवायची, पुसायची, जोडायची..."

"म्हणजे ज्या गाडीला माझ्या मुलीने अजून नीट हात लावला नाही, ती तुम्ही हाताळली त्याचे पैसे आम्ही द्यायचे? बाई, आम्ही एकतीस वर्षं कापड विकलं. ठाण उलगडल्याचे पैसे कधी लावले नाहीत. लावले असते तर आज माझंच शोरूम असतं."

बाई हसल्या आणि त्या ओळीवर काट मारली. काकांच्या अंगात उबारा आला. मग सीटकव्हर गेलं. ("सीट उघडी राहिली तर तिला सर्दी होणार आहे का?") वाढीव हमीवरून जरा जुंपली. गाडी इतकी चांगली आहे म्हणता, मग ती बिघडेल याचे पैसे आधीच कशाला, असं काकांनी विचारलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचं जोडपंही कान देऊन ऐकू लागलं. भाव एक लाख तेरा हजारांवर आला. काकांचा आवाज परत आला होता, दुकानातला, शेवटच्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाणारा. मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"एक नऊ," काका म्हणाले. "वर एक पैसा नाही."

"काका, मारता की काय! थांबा, साहेबांना विचारून येते."

बाई उठून आतल्या काचेच्या केबिनमध्ये गेल्या. काकांना तिथलं सगळं दिसत होतं. केबिनमध्ये कोणी साहेब नव्हता. बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाठ केली, बाटलीतून दोन घोट पाणी प्यायल्या आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

काकांना हसू फुटलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. ते स्वतः मागच्या खोलीत जाऊन असंच पाणी प्यायचे आणि तोंड पाडून बाहेर यायचे, "मालक ऐकत नाहीत हो." आता येतील बाई तोंड पाडून, असं म्हणत त्यांनी सहज टेबलावर नजर टाकली. बाईंची फाइल उघडी राहिली होती, काकांच्या बाजूने उलटी. पण काउंटरवरच्या माणसाला उलटं वाचायला डोळे फिरवावे लागत नाहीत. समोरच्याची चिठ्ठी, यादी, पाकिटातल्या नोटा, एकतीस वर्षं त्यांनी सगळं उलटंच वाचलं होतं.

फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: "गुरुवार. मुलगी येऊन गेली. एक अकरा ठरले. शनिवारी वडील येतील. आधी चढवून सांगणे."

गुरुवारी ती उशिरा आली होती. लॅबमध्ये काम निघालं, म्हणाली होती.

बाई परत आल्या, तोंड पाडून. "काका, साहेब फार ओरडले. एक अकरा. याच्या खाली माझी नोकरी जाईल." आणि हे बोलताना त्यांनी काकांकडे नाही, मुलीकडे बघितलं.

काकांचे कान तापले. ही विद्या त्यांच्याच दुकानातली होती. बायका आधी येऊन नवऱ्याच्या सुटाचं कापड पसंत करायच्या, भाव ठरवायच्या आणि सांगून जायच्या, "संध्याकाळी हे येतील, आधी चढवून सांगा, मग त्यांना उतरवू द्या." बिलबुकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण करायची. संध्याकाळी नवरा यायचा, भांड भांड भांडायचा आणि छाती फुगवून जायचा. काका घरी जेवताना त्याची नक्कल करून दाखवायचे आणि मुलगी लहान असताना हसून हसून पाण्याचा पेला सांडायची. हे तिला कोणी शिकवलं असं विचारायची सोय नव्हती. त्यांनीच शिकवलं होतं.

उठून सरळ घरी जावं असं त्यांना वाटलं. एवढी वर्षं ज्या नवऱ्यांना हसलो, त्यांच्याच रांगेत लेकीने नेऊन बसवलं. आपल्याला काही येत नाही म्हणूनच ना? इतकं वाईट त्यांना दुकान बंद झालं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग त्यांना एक बाई आठवल्या. करड्या रंगाचं कापड ठरवून गेलेल्या. जाताना दारातून परत आल्या होत्या आणि हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "त्यांना हसू नका हं. नोकरी गेल्यापासून ते कुठे बाहेरच पडत नाहीत. भाव करायला म्हणून तरी येतील." घरी नक्कल करताना काका हे कधीच सांगत नसत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मुलीला हा भाग ठाऊकच नव्हता, तो तिचा तिला सुचला होता.

त्यांनी मुलीकडे बघितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी परीक्षेचा निकाल दाखवताना गुंडाळायची तसंच. बाबांना पटेल ना, एवढंच तिच्या तोंडावर होतं. काकांनी हिशोबाचा कागद पुन्हा पुढे ओढला, कारण सौदा अजून संपला नव्हता.

"एक अकरा," ते म्हणाले. "ठीक. आणि त्यात एक हेल्मेट."

"हेल्मेट आहेच की काका, गाडीबरोबर एक."

"ते चालवणाऱ्याचं. मागे बसणाऱ्याचं वेगळं."

बाई गडबडल्या. त्यांनी मुलीकडे बघितलं, आणि मुलीने खांदे उडवले. तिलाही हे नवीन होतं. इथून पुढे फाइलीत काही लिहिलेलं नव्हतं.

"काका, हेल्मेट अठराशे पन्नासचं आहे. ते खरंच नाही जमणार."

"खरंच" हा शब्द काकांनी बरोबर ऐकला. आता कुठे दुकान उघडलं. त्यांनी हिशोब मांडला. हाताळणी खर्च काढला तो कोणीतरी उगाच लावलेला होता म्हणूनच ना? वाढीव हमीवर तुम्हाला काही मिळतं की नाही? मिळतं. मग मी हमी घेतली असती तर तुम्ही हेल्मेट आनंदाने दिलं असतं. मी नाही घेतली, पण हिच्या लॅबमध्ये घरोघर जाणारी आणखी अकरा माणसं आहेत आणि सगळी बसने फिरतात. ती सोमवारी हिला विचारणार, कुठून घेतली? तेव्हा हिने काय सांगायचं? बाईंनी आता खरोखर फोन लावला, खरोखर साहेबांशी बोलल्या आणि खरोखर ओशाळून म्हणाल्या, "नाही म्हणतात."

"बरं," काका उठले. "चल गं."

"बाबा!" मुलगी पांढरीफटक पडली. तिला ती गाडी मनापासून हवी होती.

"चल म्हटलं ना."

ते दाराकडे निघाले. ना घाईने, ना रेंगाळत. एक. दोन. एकतीस वर्षं ज्या पावलांवर नजर ठेवली ती आज त्यांचीच होती, आणि या बाजूने ती फार जड पडतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं. तीन. मागे शांतता. चार. काचेचं दार आपोआप उघडलं आणि बाहेरचा उकाडा तोंडावर आला. पाच.

पाचव्याला हाक आली नाही.

काका सहावं पाऊल टाकून पायरीवर आले. आता परत फिरायचं तर काय तोंडाने? हात दाखवून अवलक्षण केलं, लेकीची गाडी घालवली.

"अहो काका!" बाई धावत दारापर्यंत आल्या होत्या, चष्मा साखळीला हेलकावे खात होता. "थांबा की! घ्या हेल्मेट. माझ्या कमिशनमधून जाईल ते. पण लॅबची माणसं पाठवा हं नक्की."

"पाठवेल ती," काका म्हणाले. आणि मग जरा थांबून, "बाई, हाक पाचव्या पावलाला मारायची असते. आणखी एक पाऊल आणि मी गेलो असतो."

सोमवारी गाडी मिळाली. मुलीने किल्ली फिरवली, काका नवं करडं हेल्मेट घालून मागे बसले. पट्टा त्यांना लावता येईना, तो तिने उतरून लावून दिला. पहिला चढ गाडीने सहज चढला. चौकात सिग्नलला थांबल्यावर मुलगी मान वळवून म्हणाली, "सात हजार चारशे कमी केलेत बाबा. वर हेल्मेट. आईला खरंच वाटत नाहीये."

काका पुढे वाकून म्हणाले, "त्या बाईंना सांग, पेन्सिलीने लिहिलेलं खोडत जा म्हणावं. आम्ही नवरा यायच्या आत खोडायचो."

मुलीचे खांदे ताठ झाले. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी गाडी हलेना.

"बाबा, मला तुम्हाला..."

"समोर बघ. गाडी काढ आधी." तिने काढली. पुढचं वळण मागे पडलं. मग ते म्हणाले, "त्या माणसांना मी हसायचो, ते चुकलंच माझं."

तिने एक हात सोडून डोळे पुसले, तेव्हा ते ओरडले, "दोन्ही हात!"

"हेल्मेटचं मला खरंच माहीत नव्हतं हं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. ते माझं."

पूल जवळ आला. घर डावीकडे होतं. मुलीने डावीकडचा दिवा लावला तसे काकांनी तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"सरळ जा. नदीपलीकडे. त्या पडद्यांच्या दुकानात मला सोड."